मानपत्रावरच्या मानवाकृती: व्हिक्टोरियन पद्धतीची पूर्वरेखाटनं, क्रमाने

मानपत्राच्या किंवा सभासदपत्राच्या चौकटीत दोन बाजूंना दोन उभ्या आकृती काढायच्या, मध्ये मजकूर ठेवायचा. काम ऐकायला सोपं वाटतं. पण दाखवायला आणलेल्या बहुतेक कागदांवर एकच चूक दिसते: पहिल्याच कागदावर शेवटचं चित्र काढायला घेतलेलं असतं. वेलबुट्टी झालेली असते, अक्षरं झालेली असतात आणि वस्त्राच्या चुण्यांखाली माणूसच नसतो. खांदा आहे, पण त्याला जोडलेला दंड कुठून निघतो ते काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लेटनसारखे चित्रकार हे काम ठरलेल्या क्रमाने करत. आधी रचनेचं छोटं टिपण, मग मॉडेलवरून नग्न देहाचा अभ्यास, मग तो देह अंतिम मापात पक्का करणं आणि त्यानंतरच वस्त्राचा वेगळा अभ्यास. लंडनच्या लेटन हाउसमध्ये (त्याचं घर, आता संग्रहालय) अशी शेकडो रेखाटनं आहेत. त्यांतली पुष्कळशी तपकिरी कागदावर काळ्या-पांढऱ्या चॉकने केलेली आहेत. हा क्रम मोडला की पुढची दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते, म्हणून खाली तोच क्रम सविस्तर दिला आहे.

रचनेचा नमुना म्हणून एक सभासदपत्र डोळ्यांपुढे ठेवा. १८५१ साली अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनिअर्स या कामगार संघटनेने सभासदपत्रावरच्या आपल्या चिन्हचित्रासाठी स्पर्धा घेतली आणि ती जेम्स शार्पल्सने जिंकली. शार्पल्स स्वतः लोहार होता. त्याच्या रचनेत देवळासारखी वास्तूची चौकट आहे. युद्धदेव मार्स तुटलेली तलवार दुरुस्तीला घेऊन आलाय आणि लोहार ती घ्यायला नकार देतोय. दुसऱ्या बाजूला इंजिनिअर आणि इतिहासाची देवता क्लिओ आहे. शिवाय वॅट, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन या यंत्रशोधकांच्या प्रतिमा आहेत. एवढी गर्दी असूनही प्रत्येक आकृती कोणतं तरी काम करते आहे. शार्पल्स अकादमीत शिकलेला नव्हता, त्यामुळे रचना त्याची पाहायची आणि अभ्यासाची पद्धत लेटनची घ्यायची.

तयारी: टेबलावर काय असावं

अभ्यासासाठी हाफ इम्पिरियल मापाचा (सुमारे ३८ × ५६ सेंमी) तपकिरी किंवा करडा टिंटेड कागद लागेल. पार्सल गुंडाळायचा तपकिरी कागद स्वस्त पडतो, पण त्यात आम्ल असतं आणि काही वर्षांत तो ठिसूळ होतो. सरावाला चालेल, जपून ठेवायच्या अभ्यासाला नको. सोबत काळा चॉक किंवा कोळशाची पेन्सिल, पांढरा चॉक, पुटी रबर (हाताने मळता येणारा मऊ खोडरबर), ट्रेसिंग पेपर, २बी पेन्सिल, मोठी पट्टी आणि काटकोन्या घ्या. दोरा आणि एखादा नट घेऊन ओळंबा बनवा. दोन-अडीच मीटर मलमल आणा आणि ती आधी धुऊन खळ काढून टाका.

अंतिम कागदाचं माप आजच ठरवा. या लेखातले आकडे ए-२ साठी (४२० × ५९४ मिमी, उभा) आहेत.

१. आधी मजकुराची जागा

मानपत्र हे मजकुरासाठी असतं. नाव, कारण, तारीख, सह्या आणि शिक्का यांची जागा आधी राखून घ्या. संस्थेकडून सर्वांत लांब नाव मागवा, "श्री." आणि पदवीसकट, आणि ते ठरलेल्या अक्षरांत एकदा लिहून पाहा. मराठी मजकूर असेल तर वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालच्या उकारांसाठी ओळींमधलं अंतर जास्त लागतं. ते आत्ताच मोजलं नाही तर शेवटी आकृतीच्या कोपरावर अक्षर चढतं.

आता हिशोब करा. मजकुराला २१० मिमी रुंदी दिली तर दोन्ही बाजूंना १०५-१०५ मिमी उरतात. बाहेरचा समास २० मिमी धरला तर आकृतीसाठी ८५ मिमीचा पट्टा राहिला. आकृती ८ डोकी उंच धरली आणि उंची २४० मिमी ठेवली, तर डोकं ३० मिमी होतं आणि खांद्यांची रुंदी साधारण २ डोकी, म्हणजे ६० मिमी. हातांच्या हालचालीला फक्त २५ मिमी उरले. पसरलेल्या दोन्ही हातांचा विस्तार माणसाच्या उंचीइतका असतो, म्हणजे इथे २४० मिमी. तेव्हा हात पसरलेली देवता या पट्ट्यात बसणारच नाही. हातोडा उभा धरलेला हवा, कागदाची गुंडाळी छातीशी हवी, दुसरा हात कमरेवर नाहीतर खाली.

> तपासणी: कोऱ्या ए-२ कागदावर फक्त तीन आयत काढा, मजकुराचा आणि दोन आकृतींचे. कागद भिंतीला लावून लांबून बघा. आयतच अवघडलेले दिसत असतील तर आकृती काढून ते सुटणार नाहीत.

२. काडेपेटीएवढी टिपणं

याच प्रमाणात, पण काडेपेटीएवढ्या चौकटी आखून रचना करून पाहा. प्रत्येक आकृती म्हणजे एक डोकं, खांद्याची रेघ, कमरेची रेघ, वजन पेलणारा पाय. बस. इथे चेहरा काढायला लागलात की थांबा.

पाहायचं एवढंच: डाव्या आणि उजव्या आकृतीची हालचाल मजकुराकडे वळते का? दोघी बाहेर बघत असतील तर वाचणाऱ्याची नजर कागदाबाहेर जाते. आणि दोन्ही आकृती एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा करू नका. वजनाचा तोल सारखा ठेवा, पण काम वेगळं द्या. शार्पल्सच्या पत्रात एकीकडे नकार आहे, दुसरीकडे देवाणघेवाण आहे, तरी दोन्ही बाजू सारख्याच भरलेल्या वाटतात.

३. हातातली वस्तू खरी आणा

न्यायदेवतेचा तराजू, लोहाराचा हातोडा, विद्येचा ग्रंथ या गोष्टी आठवणीतून काढू नका. खरी वस्तू मॉडेलच्या हातात द्या. जड हातोडा धरल्यावर मनगट वळतं, दंडाचा स्नायू फुगतो, त्या बाजूचा खांदा खाली येतो. पुठ्ठ्याचा हातोडा दिला तर यातलं काहीच होत नाही आणि रेखाटनातही हातोडा पुठ्ठ्याचाच दिसतो. ज्या व्यवसायाचं मानपत्र आहे, त्यातल्या माणसाला अवजार कसं धरतात ते विचारा. असं पत्र त्या धंद्यातलीच माणसं आयुष्यभर भिंतीवर लावतात, पकड चुकली तर त्यांना ती रोज दिसेल.

४. देहाचा अभ्यास

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे ही पायरी गाळण्याची सवय फार आहे. १८६५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या सजावटीवर काम करून आले होते, म्हणजे ही परंपरा आपल्याला परकी नाही. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांनी ठरलेल्या वेळात कागद पूर्ण करायची जी सवय लावली, ती अशा कामात आड येते. हा कागद कोणाला द्यायचा नाही. तो फक्त माहिती गोळा करण्यासाठी आहे.

कला महाविद्यालयात लाइफ ड्रॉइंगचं मॉडेल मिळत असेल तर उत्तम. नसेल तर घट्ट बसणारे, एकरंगी कपडे घातलेली व्यक्ती चालेल. गुडघा, नितंबाचं हाड आणि खांद्याचा सांधा दिसले पाहिजेत.

*बसण्याची जागा.* मॉडेलपासून निदान ४ ते ५ मीटर लांब बसा. जवळ बसलात तर डोकं खालून आणि पावलं वरून दिसतात, आकृती चौकटीत बसत नाही. दोन्ही आकृतींच्या अभ्यासाला तुमच्या डोळ्यांची उंची एकच ठेवा. एक बसून आणि एक उभं राहून काढली, तर पुढे दोन्ही आकृती एकाच पायरीवर उभ्या वाटत नाहीत. का ते मग शोधून सापडत नाही.

*पोझ.* वजन एका पायावर. पावलांभोवती जमिनीवर खडूने खूण करा, म्हणजे विश्रांतीनंतर मॉडेल तिथेच उभं राहील. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती.

*ओळंबा.* दोरा डोळ्यासमोर धरून गळ्याच्या खळगीपासून खाली सोडा. एका पायावर उभ्या माणसात हा दोरा वजन पेलणाऱ्या पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूवर येतो. कागदावर तो दोन पायांच्या मध्ये लोंबकळत असेल तर तुमची आकृती पडते आहे. त्याच वेळी दोन तिरप्या रेषा बघा. वजनाच्या बाजूचं नितंब वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन रेषा समांतर काढल्या की आकृती खांबासारखी ताठ होते.

*रेषा.* कागदावर ३६० मिमी उंचीची आकृती मांडा, अंतिम मापाच्या दीडपट. म्हणजे डोकं ४५ मिमी. आधी वरची आणि खालची टोकं खुणेने बांधून घ्या, नाहीतर पावलांना कागद पुरत नाही. काळ्या चॉकने हलकी रेघ मारा. चुकली तर खोडू नका, शेजारी दुसरी मारा. त्या काळच्या अभ्यासांत एकाच दंडाच्या तीन-तीन कडा दिसतात आणि शेवटची ठाम असते. खोडलं की आधी काय चुकलं होतं हेही पुसलं जातं.

*छाया.* टिंटेड कागदाचा रंग हाच मधला टोन. काळा फक्त सावलीला, पांढरा फक्त उजेडाला, दोघांच्या मध्ये कागद तसाच उघडा. पांढरा सगळ्यांत शेवटी आणि थोड्याच ठिकाणी: खांद्याचा माथा, मांडीचा पुढचा भाग, गुडघ्याची वाटी.

> इशारा: काळा आणि पांढरा चॉक एकमेकांवर घासू नका. मिसळले की राखेसारखा मळका टोन तयार होतो आणि फॉर्म (आकाराचा उठाव) सपाट होतो.

> इशारा: मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोवरून देहाचा अभ्यास करू नका. रुंद लेन्समुळे कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो, लांबचा आक्रसतो आणि बहुतेक वेळा पाय आखूड होतात. फोटो घ्यायचाच तर लांबून, छातीच्या उंचीवरून, झूम करून घ्या आणि तो फक्त आठवणीसाठी ठेवा.

५. हात आणि पावलं वेगळी

त्याच कागदाच्या कडेला किंवा दुसऱ्या कागदावर हात आणि पावलं दुप्पट मोठी काढा. अंतिम मापात हाताचा पंजा जेमतेम २५ मिमीचा असेल. तेवढ्यात पाच बोटं काढायची तर ती आधी मोठ्या मापात समजलेली हवीत. वस्तू धरलेल्या हातात अंगठा कुठे दाबतो आणि करंगळी सुटते की टेकते, एवढं पाहा. नखांची गरज नाही.

६. देह अंतिम मापात आणणं

अभ्यासाच्या मूळ कागदावर चौकटी आखू नका. व्हिक्टोरियन चित्रकार थेट त्यावरच आखत, पण तुमच्याजवळ ट्रेसिंग पेपर आहे. ट्रेसिंगवर फक्त ठाम बाह्यरेषा, सांधे आणि ओळंब्याची रेघ उतरवा. त्यावर ३० मिमीच्या चौकटी पाडा. अंतिम मापाच्या पांढऱ्या कागदावर २० मिमीच्या चौकटी पाडा. ३६० मिमीच्या बारा ओळी झाल्या, २४० मिमीच्याही बाराच. आडव्या ओळींना आकडे, उभ्यांना अक्षरं द्या. मग रेषा चौकटीच्या कडा कुठे छेदते ते बिंदू आधी ठेवा आणि नंतर जोडा.

> तपासणी: दोन्ही कागदांवर गळ्याची खळगी, नाभी, वजनाच्या पायाचा गुडघा आणि घोटा एकाच नावाच्या चौकटीत आहेत का? डोकं बरोबर ३० मिमी आहे का? हे दोन जुळले तरच पुढे जा.

स्कॅन करून ६७ टक्क्यांवर आणलं तरी चालतं. पण हाताने चौकटीतून उतरवताना चुका ज्या स्पष्टपणे दिसतात, तशा स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

७. वस्त्र

आता कापड. देह कागदावर पक्का झाल्यावर, त्याच पोझमध्ये उभ्या मॉडेलवर किंवा डमीवर कापड चढवायचं आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास करायचा. देह विसरून नुसतं कापड काढलं की चुण्या सुंदर होतात, माणूस नाहीसा होतो.

माणसाच्या अंगावरचं कापड विश्रांतीनंतर पुन्हा तसंच पडत नाही. म्हणून मोठ्या चुण्या मॉडेलवर ठरवा आणि बारकावे शिंप्याच्या डमीवर करा. डमीला कंबरेची तिरपी रेघ नसते, म्हणून वजनाच्या बाजूला नितंबाखाली घडी केलेला टॉवेल बांधून ती बाजू उचलून घ्या. मुक्त पायाचा (ज्यावर वजन नाही त्याचा) पुढे आलेला गुडघा डमीवर मिळत नाही, तो मॉडेलवरच बघा.

चुणी कुठून निघते ते आधी शोधा. खांदा, छाती, कंबरपट्टा, पुढे आलेला गुडघा: कापड या जागांवर टेकतं आणि चुण्या तिथूनच सुटतात. वजन पेलणाऱ्या पायावर कापड उंचावरून सरळ खाली पडतं, लांब उभ्या चुण्या होतात. मुक्त पायावर ते मांडीला आणि गुडघ्याला चिकटतं आणि गुडघ्याच्या खाली मोकळं होतं. हा फरक दिसला की कापडाखाली माणूस आहे हे पाहणाऱ्याला कळतं. दोन्ही पायांवर सारख्याच चुण्या असतील तर पडद्यामागे कोणी नाही.

चुण्यांची संख्या कमी करा. २४० मिमीच्या आकृतीत एका पायावर चार-पाच मोठ्या चुण्या पुरतात. बाकीच्या तुम्ही पाहिल्या तरी कागदावर आणू नका.

भारतीय वेश असेल तर हेच सगळं लागू होतं, फक्त टेकण्याच्या जागा बदलतात. नऊवारीत कासोट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात आणि मुख्य चुण्या कमरेच्या ओच्यापासून सुटतात. साडी खरी नेसवून घ्या, नेसवता येणाऱ्या बाईंकडूनच.

> तपासणी: देहाचं ट्रेसिंग वस्त्राच्या अभ्यासावर ठेवा. गुडघा, कोपर, खांद्याचा माथा जुळतात का? वस्त्राची कड कुठेही देहाच्या आत शिरलेली नसावी. शिरली असेल तर तिथे तुम्ही देह कापला आहे.

८. एकत्र मांडणी

अंतिम मापाच्या कागदावर मजकुराचा आयत, वास्तूची चौकट, दोन्ही देह आणि त्यावर वस्त्रं, सगळं ट्रेसिंगने एकत्र आणा. इथे तीन गोष्टी पाहा.

उजेड एकाच बाजूने, साधारणपणे डाव्या वरून. डाव्या आकृतीवर डावीकडून आणि उजव्या आकृतीवर उजवीकडून उजेड आला की पत्र दोन तुकड्यांचं वाटतं. ही चूक फार होते, कारण दोन अभ्यास वेगवेगळ्या दिवशी खिडकीच्या वेगवेगळ्या बाजूंना झालेले असतात.

पावलं एकाच जमिनीवर. चौकटीची पायरी आखा आणि दोन्ही आकृतींच्या टाचा तिच्या प्रमाणात बसवा.

नक्षी यानंतर, म्हणजे आता. आकृती आणि मजकूर यांच्यामध्ये उरलेल्या जागेला बसेल अशी ती काढा.

९. उलटं छापायचं असेल तर

ऑफसेट किंवा डिजिटल छपाई असेल तर ही पायरी सोडून द्या. पण लिनो, एचिंग किंवा दगडावरून लिथो अशी हाताने ठसा बनवून छपाई करणार असाल तर ठशावर चित्र आरशातल्यासारखं उलटं जावं लागतं. ट्रेसिंग पालथं करा, मागून रेषा गिरवा आणि तेच ठशावर उतरवा. मजकूरसुद्धा. विसरलात तर लोहार डावखुरा होतो, तलवार उजव्या कमरेला लटकते आणि नाव आरशातच वाचता येतं.

धातूवर काम करणाऱ्यांनी सगळे निर्णय कागदावरच संपवावेत. शार्पल्सने आपल्या "द फोर्ज" या चित्राचं पोलादी पत्र्यावर स्वतः खोदकाम केलं, ते १८५९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला सुमारे दहा वर्षं लागली. पोलादावर चुकलेली रेघ पुसायची म्हणजे पत्रा घासून सपाट करायचा.

१०. शाईची रेघ

अंतिम रेषेला तीन जाड्या ठेवा. देहाची आणि वस्त्राची बाहेरची कड सर्वांत जाड, आतल्या चुण्या मध्यम, चेहरा आणि बोटं बारीक. चेहऱ्याला जाड रेघ लागली की वय वाढतं.

शाई लावण्याआधी पेन्सिलच्या प्रतीचा फोटो घेऊन निम्म्या मापात छापा, कारण संस्था हेच चित्र उद्या पत्रिकेवर किंवा स्मरणिकेत छोटं करून वापरतात. निम्म्या मापात चुण्या एकमेकींत मिसळून काळ्या पडत असतील तर त्यातल्या काही काढून टाका. डोळे दिसेनासे होत असतील तर भुवई आणि वरची पापणी यांच्यामधली जागा थोडी मोकळी करा.

शाई वरून खाली, डावीकडून उजवीकडे लावा. डावखुरे असाल तर उजवीकडून सुरू करा. हाताखाली कोरा कागद ठेवा. ओली रेघ टिपकागदाने टिपू नका, ती फिकी पडते.

अभ्यासाचे कागद फेकू नका. फिक्सेटिव्ह (चॉक कागदावर धरून ठेवणारा फवारा) उघड्या हवेत, दोन हातांच्या अंतरावरून, हलके दोन थर मारा. जास्त मारलं तर पांढरा चॉक नाहीसा होतो, म्हणून आधी कोपऱ्यावर करून बघा. मग मध्ये आम्लरहित पातळ कागद घालून सपाट ठेवा. गुंडाळी केली तर चॉक झडतो. मागच्या बाजूला आकृती कोणती, उजेड कोणत्या बाजूने आणि कितीपट माप, एवढं पेन्सिलीने लिहा. संस्थेने पुढच्या वर्षी त्याच मालिकेतलं दुसरं पत्र मागितलं, तर काम त्या तीन नोंदींपासून सुरू करता येईल.